हातात किती पडतं?

आमच्या शहरात सगळ्यांत जास्त लोकांचा खरा पगार कुणाला ठाऊक असेल, तर तो इन्कम टॅक्सच्या साहेबांना नव्हे, माझ्या थोरल्या साडूंना. जो आकडा माणूस बायकोपासून लपवतो, सासऱ्याला वाढवून सांगतो आणि भावाला कमी करून सांगतो, तो साडूंच्या पुढ्यात दोन मिनिटांत बाहेर पडतो. चिकलठाण्याच्या एका जुन्या कारखान्यात उभी नोकरी लेथ मशिनवर काढून ते निवृत्त झाले. मग निवृत्त माणसानं करायच्या ज्या गोष्टी असतात, म्हणजे सकाळी बागेत मंडळ करून मोठमोठ्यानं हसणं, नातवंडांना शाळेत सोडणं, गुडघ्यांविषयी बोलणं, त्यांतली एकही न करता त्यांनी ‘सारख्या कामाला सारखा पगार’ अशी एककलमी मोहीम उघडली. या मोहिमेचे अध्यक्ष, चिटणीस, कार्यकर्ते आणि पुष्कळदा श्रोतेही तेच. एकाच गल्लीतल्या दोन माणसांच्या मिळकतीत जमीन-अस्मानाचा फरक का, हा त्यांचा प्रश्न. आणि लोक पगार लपवतात म्हणून, हे त्यांचं उत्तर. “पाव्हणं,” ते मला सांगायचे, “ज्याला जास्ती मिळतं तो लाजून सांगत नाय, ज्याला कमी मिळतं तो बी लाजून सांगत नाय. मधल्या मधी देणाऱ्याचं लई बरं चाललंय.”

विचारायची त्यांची एक रीत होती. आधी स्वतःची पेन्शन सांगायची, तीही इतकी तुटपुंजी की समोरच्याला आपोआप धीर यावा, आणि मग अगदी आपुलकीनं, “तुमच्या हातात किती पडतं?” लेथच्या घरघरीत हयात गेल्यामुळं त्यांचा खाजगी आवाज आणि सभेचा आवाज यांत काही फरक उरला नव्हता. त्यामुळं त्यांनी रिक्षावाल्याच्या कानात विचारलेलं चौकातल्या हवालदाराला ऐकू जाई, आणि पुष्कळदा उत्तर तोच देई. एकदा रक्तदाब तपासायला गेले असताना त्यांनी डॉक्टरांना कंपाउंडरचा पगार विचारला, आणि कंपाउंडरला, तो शेजारीच उभा असल्यानं, डॉक्टरांची फी मोजायला लावली. डॉक्टरांनी साडूंच्या दंडाचा पट्टा सोडून स्वतःच्या दंडाला बांधला, असं आमच्या अक्का, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, सांगतात. अक्कांचा स्वभाव थोडा वाढवून सांगण्याचा आहे. पण कंपाउंडरचा पगार पुढच्या महिन्यात वाढला आणि साडूंना नवा डॉक्टर शोधावा लागला, एवढं मात्र खरं.

लग्नकार्यात त्यांना नेणं म्हणजे जोखीमच. नात्यातल्या एका साखरपुड्याला मुलाचे वडील मांडवभर मुलाचं ‘पॅकेज’ सांगत फिरत होते. साडू जेवता जेवता थांबले. “पॅकेज ऱ्हाऊ द्या हो, पोराच्या हातात किती पडतं?” वडील खोकले. मुलगा सरळ स्वभावाचा होता, त्यानं खरा आकडा सांगून टाकला. तो पॅकेजच्या मानानं बराच रोड निघाला. साडूंनी लगेच मठ्ठा वाढणाऱ्या गृहस्थांना तोच प्रश्न केला. त्यांचा आकडा ऐकून पंगत शांत झाली, कारण त्या आकड्यात त्यांचं जाण्यायेण्याचं भाडंही धरलेलं होतं. “बसा,” साडू पानावरून उठत म्हणाले, “आता म्या वाढतो.” ते ऐकेनात, साडू सोडेनात, आणि या ओढाताणीत अर्धी घागर मठ्ठा मुलाच्या वडिलांच्या नव्या बुटांत गेला. लग्न मोडणार असं सगळे धरूनच चालले होते. पण मुलगी माझ्या बायकोला म्हणाली, “मावशी, काकांनी विचारलं ते बरं झालं. मला विचारायचं होतं, पण कसं विचारू?” लग्न झालं, आणि आहेरात त्या वाढपी मंडळींसाठी वेगळं पाकीट निघालं.

मग मोहिमेला भोंगा आला. गावोगाव फिरणाऱ्या एका भंगारवाल्याकडून साडूंनी तो जुन्या बाजारात घेतला, लूनाच्या पुढच्या टोपलीत बांधला आणि पहिल्याच सकाळी मुकुंदवाडीच्या एका गल्लीत शिरून बटण दाबलं. भोंग्यात भरून ठेवलेलं त्यांचं भाषण काही लागलं नाही. लागली ती भंगारवाल्याची जुनी हाळी. “टूटे फूटे कूलर, पुराना फ्रीज, रद्दी पेपरवाले!” बटण अडकलं, आवाज थांबेना. बघता बघता बाया फुटक्या बादल्या, गंजलेले पंखे, एक तर आख्खा कूलर ढकलत घेऊन आल्या. दुसरा कुणी असता तर लूना वळवून पळाला असता. साडूंनी कूलरवर बैठक मारली आणि तासभर बोलले. कोणत्या बंगल्यात भांड्यांना काय देतात, कोणत्या दवाखान्यात झाडणाऱ्या बाईला काय आणि बाप्याला काय, हे त्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींना सांगितलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा लूनाच्या मागं दोन पंखे बांधलेले होते. “माणसांनी एवढ्या विश्वासानं दिले, नाय कसं म्हनू?” एवढंच ते अक्कांना म्हणाले.

हे सगळं दुरून बघायला मौजेचं होतं. पण एक दिवस मोहीम माझ्याच सोसायटीत शिरली, आणि मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्याकडं ‘ए’ विंगचा जिना गयाबाई झाडायच्या आणि ‘सी’ विंगचा एक गृहस्थ. त्यांना गयाबाईंपेक्षा दीडपट मिळायचं. हे मला ठाऊक होतं. दर महिन्याला सही माझीच असे. साडूंना कळलं तसे ते झाडू मागून घेऊन, सदुसष्टाव्या वर्षी, दोन्ही विंगांचे चारही मजले स्वतः झाडून आले आणि रविवारी पार्किंगमध्ये भरलेल्या सभेत येऊन उभे राहिले.

“आपण कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“सेक्रेटरीचा साडू,” ते म्हणाले, आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. “दोन्ही जिने झाडून आलोय. पायऱ्या सारख्याच. धूळ बी सारखीच. मग बाईनं झाडलेल्या धुळीला कमी भाव कामून?”

अध्यक्ष म्हणाले, पहिल्यापासून तशी पद्धत आहे. साडूंनी गयाबाईंना पुढं बोलावलं. त्या पदर सावरत म्हणाल्या, “मला वाटलं, समद्यांना एवढंच भेटतंय.” मग अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, की फार वाद होत असेल तर सगळंच काम बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकू. गयाबाईंचा चेहरा उतरला. त्या साडूंना म्हणाल्या, “दाजी, ऱ्हाऊ द्या. हाये ते बी जाईल माझं.”

साडूंनी हातातला झाडू खांबाला टेकवून ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मागणं नव्हतं त्या नजरेत, चूक झाली का पाव्हणं, एवढंच होतं. मी उठलो. म्हणालो, “सही मी करतो. पुढच्या महिन्यापासून दोन सारखे आकडे असतील तरच करीन. हात वर करा.” पहिला हात वर झाला तो अध्यक्षांच्या बायकोचा. मग इतर बायकांचे, मग त्यांच्याकडं बघत नवऱ्यांचे. गयाबाईंचं काम राहिलं आणि पगार सारखा झाला.

मी विजयाच्या धुंदीत साडूंना वर चहाला आणलं. चहावर साय धरली तरी ते कप उचलेनात. “समद्यांना एवढंच भेटतंय,” ते पुटपुटले. मग सांगू लागले. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या लेथवर कडुबा नावाचा माणूस होता, कंत्राटी. हात साडूंपेक्षा सफाईदार. वीस वर्षं दोघांनी एका डब्यात खाल्लं. साडूंच्या निरोप समारंभाला शाल-श्रीफळ झालं, तेव्हा ते सहज म्हणाले, “कडुबा, आता तुझा समारंभ कधी?” कडुबा हसून म्हणाला, “मला उद्या येऊ नको म्हनले की झाला समारंभ.” त्या दिवशी साडूंना इतरांकडून कळलं, की त्याला आपल्या निम्माही पगार नव्हता. पुढं महिन्याभरात त्याला खरंच येऊ नको म्हणाले, आणि तो फर्दापूरला गावी निघून गेला.

“वीस वर्षं, पाव्हणं. एकदा बी इचारलं नाय.”

“नंतर भेटलात?”

“कोनत्या तोंडानं भेटू?”

पुढच्या रविवारी मी गाडी काढली. सिल्लोड मागं पडेपर्यंत साडू तीनदा परत फिरू म्हणाले. फर्दापूरला अजिंठ्याच्या वाटेवर, पर्यटकांच्या बस थांबतात तिथं, कडुबा एका टेबलावर रंगीत खडे मांडून बसला होता. पांढऱ्या मिशा, हात अजून तसेच नेमके. खडे आकारानं लावलेले. साडूंना बघून तो उठला आणि स्वतःची खुर्ची पुसून त्यांना दिली. साडू बसले नाहीत. वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, “कडुबा, म्या तुला कधी इचारलं नाय रे.”

काय ते कडुबाला लगेच कळलं. तो एक जांभळा खडा उचलून पुसू लागला. “इचारलं असतं तर म्या खोटंच सांगितलं असतं,” तो म्हणाला.

“कामून?”

“डबा बरोबरीनं खात होतो ना आपण. ते मोडलं असतं.”

तेवढ्यात एक बस येऊन थांबली, माणसं उतरली, टेबलाभोवती गर्दी झाली. कडुबा खडे दाखवू लागला. साडूंनी खिशातला रुमाल काढला आणि त्याच्या शेजारी उभं राहून, गिऱ्हाइकानं उलटसुलट करून ठेवलेला एकेक खडा पुसून जागेवर लावायला लागले. कुठला कुठं लावायचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. ऊन कलू लागलं होतं, आम्हाला निघायला हवं होतं. मी गाडीत येऊन बसलो. हाक मारायला दोनदा काच खाली केली, आणि दोन्ही वेळा पुन्हा वर घेतली.