आधी आत्या

चौक गावच्या माळावर चैत्रात देवीची जत्रा भरायची आणि जत्रेत लाकडी पाळणा यायचा. त्यात पहिल्यांदा कोण बसणार, यावरून पोरांत कधी भांडण झालं नाही. पहिल्यांदा माझी आत्या बसायची. निळं लुगडं, कपाळ मोकळं, अंगाने आमच्या पडवीतल्या भाताच्या कणगीएवढी. त्याला बसायचे पाळणे चार होते. ती चारही पाळण्यांत एकेक फेरी घ्यायची आणि तोवर आम्ही पोरं खाली तिष्ठत उभी. बाकीचे तीन पाळणे रिकामे असल्यामुळे सगळा भार एकाच बाजूला यायचा आणि तिला वर चढवताना फिरवणाऱ्या दोघा गड्यांना घाम फुटायचा.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती लोधिवलीला आमच्या घरी परत आली, ती एक पितळी तांब्या आणि स्वतःची मतं घेऊन. तांब्याला कुणी हात लावला तर तिला चालायचं. घरात काहीही नवं आलं की आधी ती त्यावर बसायची. पाट, बाज, बैलगाडी. "लाकडाला तोंड नसतं गं," ती मला सांगायची, "त्याला बसूनच इचारायचं." शाळेत नवे बाक आले तेव्हा तिथेही येऊन ती एकेका बाकावर बसून गेली. मास्तरांनी तेवढ्या वेळात वर्गाला कवायत दिली. फक्त माळ्यावरचे कांदे काढायची वेळ आली, शिडी लागली, की तिला नेमकं गोठ्यात काम आठवायचं.

पाळणा खालापूरच्या हुसेनभाईंचा. सारं गाव आत्याला आत्याच म्हणायचं, तेही म्हणायचे. दर जत्रेला दोघांचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"आत्या, तू फुकट बसतेस ते बसतेस, वर माझी माणसं दमवतेस."

"दमू दे. दमलेला मानूस हळू फिरवतो."

गावात मात्र तिचं नाव झालं होतं ते वेगळंच. म्हातारीला पाळण्याची भारी हौस, असं लोक म्हणत. हौसेला मोल नसतं, म्हणून ही फुकट बसते, असंही म्हणत. पाळण्यातून उतरली की ती थेट रसवाल्याच्या चरकामागे जायची आणि तोंड पुसत परत यायची. "उसाचा रस सोसत नाय मला," म्हणायची. मग पाळण्याच्या हौसेबरोबर रसाचा हावरेपणाही तिच्या नावावर जमा झाला.

एका वर्षी मी तिच्या मागोमाग गेले. चरकामागे ती गुडघ्यांवर हात टेकून ओकत होती. रस तिने घेतलाच नव्हता. पाळण्याची दांडी घट्ट धरून धरून तळव्यांवर लाल वळ उठले होते. मला बघून म्हणाली, "कुनाला सांगू नको गं. भितेय म्हनून कळलं तर तो हुसेन मला बसू द्यायचा नाय."

मी गावात सांगितलं नाही, पण वडिलांना विचारलं. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, तिचा एकुलता एक मुलगा सासरच्या गावी जत्रेत पाळण्यातून पडून गेला. लोक समजूत घालायला आले, की देवीच्या मनात होतं. आत्या त्यांना म्हणाली, "देवीच्या मनात काय व्हतं ते मला ठावं नाय. पाळन्याचा लोखंडी आकडा झिजला व्हता, तो मी बघितला."

हे ऐकल्यावर मला पाळण्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण आत्या आधी बसून आलेली असायची.

मग लढाई सुरू झाली आणि बाजारातून लोखंड नाहीसं झालं. हुसेनभाईंच्या पाळण्यांचे आकडे झिजले, नवे मिळेनात. त्यांनी दोन पाळणे काथ्याच्या जाड दोराने बांधून आणले.

"ह्या दोरानं मी बैल बांधतो," ते आत्याला म्हणाले.

"बैल वर जात नाय," आत्या म्हणाली आणि जाऊन बसली.

मला आणि माझ्या धाकट्या भावाला, बबनला, मोराच्या पाळण्यात बसायचं होतं. त्याच्या फळीवर मोर रंगवला होता. तोच दोराचा होता आणि आत्याने तोच शेवटी ठेवला. बबन खालून ओरडत होता, "आत्या, उतर गं, आमची पाळी!" पाळणा वरून खाली येत माणूसभर उंचीवर आला आणि दोर तुटला. पाळणा आपटला, आत्या आपटली, मोराची मान मोडली. आत्याचा पायही मोडला.

माणसं धावली. तिला उचलता उचलताच एकजण म्हणाला, "म्हातारीच्या वजनानं मोडला. पोरं बसली असती तर काय झालं नसतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. जत्रा उठायच्या आत सगळ्या माळाला हे पटलं होतं. मला त्या माणसांचा राग आला. इतकी वर्षं झाली, अजून येतो. बैलगाडीत घालताना आत्या कण्हत होती. मधेच थांबून तिने वडिलांना विचारलं, "मोडला ना तो पाळना?"

"मोडला गं, आक्का."

"मग झालं," ती म्हणाली आणि परत कण्हायला लागली.

हाडवैद्याने पाय बसवला, पण तो आखूड राहिला. महिनाभराने हुसेनभाई आमच्या ओटीवर आले. तुटलेला दोर सोबत आणला होता. तिच्यासमोर पीळ सोडून त्यांनी दाखवला. आतून पार कुजलेला. वजनाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. चहा पुढ्यात निवून गेला.

"आता मला चढवत नाय," आत्या म्हणाली. "पोत्यात वाळू भर. माझ्याएवढी. ती आधी बसव."

पुढच्या जत्रेआधी ते पोतं भरून गाडीतून दाखवायला घेऊन आले. आत्याने ओटीवरून ते खालीवर न्याहाळलं.

"एवढी जाडी हाय का रं मी?"

"थोडी कमीच भरलीय, आत्या."

"मग पुरी भर," आत्या रागाने म्हणाली.

लढाई संपली, लोखंड आलं, पाळण्यांना नवे आकडे लागले. पोतं मात्र दर वर्षी बसत राहिलं. स्वातंत्र्य आलं त्याच पावसाळ्यात आत्या तापाने गेली. पुढच्या चैत्रात मी जत्रेला गेले. पोतं फाटायला आलं होतं, म्हणून हुसेनभाईंनी आईकडून आत्याचं जुनं लुगडं मागून नेऊन त्याला गुंडाळलं होतं. निळं लुगडं मोराच्या पाळण्यात बसून सावकाश वर चाललं होतं आणि खाली पोरं तिष्ठत उभी होती.

"ती कोन हाय?" एका नव्या पोराने विचारलं.

"आत्या," हुसेनभाई म्हणाले. "ती उतरल्याबिगर कुनी बसायचं नाय."

चारही पाळणे झाले. दोन गड्यांनी आत्याला उचलून खाली ठेवलं आणि पोरं धावली. मी सवयीने चरकामागे जाऊन बघितलं. तिथे कुणी नव्हतं.