छत्रीचं टोक

महामहम तलावाजवळच्या माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात ते गृहस्थ रोज यायचे आणि विकत काही घ्यायचे नाहीत. नाव कधी सांगितलं नाही. चोळपुरमच्या बसमधून उतरायचे, छत्रीचं टोक पाटीवरच्या 'स्टेशनरी'वर रोखायचे आणि ऐन गिऱ्हाइकीत मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत तमिळमध्ये सुरू व्हायचे, "तंबी, इंग्रजीत इथं 'ई' हवा. तू 'ए' घातलास. म्हणजे वह्या-पेनं राहिली बाजूला, हे झालं जागचं न हलणारं दुकान!"

"दुकान कशाला हलेल, सार?" मी वैतागून म्हणायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्री, पुन्हा तेच. नुसतं डोकं उठायचं.

आयुधपूजेला आमच्याकडे पाटी धुऊन तिला चंदन-कुंकू लावतात. यंदा त्याआधी पेंटरला बोलावून ते एक अक्षर बदलून घेतलं. म्हटलं, सुटलो एकदाचा!

पूजेनंतर ते आले. छत्री उचलली आणि तशीच खाली घेतली. मी प्रसादाचे चुरमुरे हातावर ठेवले, तर म्हणाले, "दुरुस्त केलीस होय? मग आता मी इथं कशाला येऊ, तंबी?"

आणि खरंच आले नाहीत. दुकानात अशी शांतता, की त्या शांततेनंच माझं डोकं उठलं. शेवटी काल चिडून एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत 'शांतता राखा' लिहिलं, 'क्वाएट'ची शेवटची दोन अक्षरं मुद्दाम उलटी केली आणि पुठ्ठा शटरबाहेर टांगला.

आज सकाळी येतो, तर बंद दुकानासमोर ते उभे. छत्रीचं टोक पुठ्ठ्यावर.

"किती उशीर करतोस, तंबी!"