लेकीच्या घरचं पाणी

"नाकातून नळी घालायला तू हो म्हणून मोकळा झालास?"

"मग काय करू, अक्का? उपाशी मारू तिला?"

"उपाशी कोण मारतंय, तेच तर विचारतेय मी!"

"हळू बोल. लोक झोपलेत इथे."

"तेच म्हणते! उन्हं डोक्यावर आली आणि बठ्ठी, झाडून सगळी माणसं झोपलेली. भूपा, तुला काहीच वाटत नाही त्याचं?"

भूपेंद्रने शुश्रूषागृहाच्या खिडकीतून मेहरूणच्या तलावाकडे पाहिलं. पाणी हललं की त्याला बरं वाटत असावं. आज ते हलत नव्हतं.

हे दोघं सख्खे बहीणभाऊ. भूपेंद्र फैजपूरला राहतो, केळीचा माल सावद्याच्या व्यापाऱ्यांना देतो. कामिनी त्याच्याहून मोठी, धुळ्याला दिलेली. तिथं तिचं मॅचिंग सेंटर आहे, आणि त्या बाजारात तिची ओळख एकच: ही बाई ट्यूबलाइटखाली रंग ठरवत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी साडी आणि ब्लाऊजपीस दोन्ही उचलून ती फुटपाथवर नेणार, उन्हात धरणार, मग म्हणणार, "आता बोला." नवल, तिचा नवरा, पाव्हण्यारावळ्यांत हसून सांगतो, "लग्नाआधी मलाही उन्हात नेऊन बघितलं हिने. आत आणताना मात्र चुकली."

आईला या शुश्रूषागृहात ठेवायचं ठरलं तेव्हाही भूपेंद्रने फोन केला तो बहिणीलाच. "तू बघ. तू पास केलंस तर ठेवू." आई, म्हणजे शेवंताबाई, गॅस उघडा टाकून अंगणात जाऊन बसायची. एकदा तर केळीच्या बागेत वाट चुकली आणि थेट हमरस्त्याला सापडली. तेव्हा कामिनी धुळ्याहून आली. चादरीखाली हात घालून तिनं गादी दाबली. न्हाणीघरातली पकडायची दांडी गदागदा हलवली. स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. तिथल्या म्हाताऱ्यांची नखं पाहिली, टाचा पाहिल्या. सगळं स्वच्छ होतं. "चांगलं आहे," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. दिवाळीपर्यंत माय चांगली खात-पीत होती, इथल्या भाजीला नावंसुद्धा ठेवत होती.

आणि आता हे. दुपारी डॉक्टर येणार, नळी घालणार.

"मला आधी तिला बघू दे," कामिनी म्हणाली.

बायकांच्या खोलीला कडी बाहेरून होती. मागच्या वेळीही ती बाहेरूनच असणार. पण मागच्या वेळी कामिनीला ती दिसली नव्हती. आत फिनेलचा वास, आणि त्यावर फवारलेला मोगऱ्याचा. टीव्हीवर कीर्तनकार हातवारे करत होते, आवाज बंद. ओळीने खाटा, खाटांवर आखूड केस कापलेल्या बायका, आणि एक सोडून सगळ्यांचे डोळे मिटलेले. कोपऱ्यातल्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. त्या खाटेच्या दोन्ही दांड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या तशाच बांधलेल्या.

"हे कशाला?" कामिनीने विचारलं.

बरोबर आलेली बाई दिपमाला. इथलं सगळं तीच बघते. चाळिशीची, गोड आवाजाची. "नळी ओढून काढतात ना ताई. हात मोकळे ठेवून चालत नाही."

"आणि दिवसा झोपतात कशा सगळ्या?"

"औषधं असतात. झोपेत असल्या म्हणजे दोन चमचे जातात तरी पोटात. तुमच्या आई तर आता झोपेतही दात आवळून धरतात."

ताटं गोळा करणारी बाई धुळ्याकडची असावी. शेवंताबाईंचं ताट उचलता उचलता ती पुटपुटली, "दखा ना ताई, बठ्ठं ताटमा तसंच शे. पानी बी पेस नही माय." ताट भरलेलंच होतं, पाण्याचा पेलाही.

माय उशाला टेकून बसली होती. ती एकटीच जागी होती. हाताच्या पाठीवर सलाइनचे निळे डाग. कामिनीने तिला धरून सावकाश खिडकीशी आणलं, उजेडात तिचा चेहरा वर केला. ओठांना भेगा पडलेल्या. जीभ कोरडी. कातडं चिमटीत धरलं तर तसंच उभं राहत होतं.

"काय व कामिनी," माय म्हणाली, "वजन बघतीस का माझं?"

"जेवत का नाहीस, माय?"

"जेवले ना. पोट भरलंय माझं."

हे वाक्य कामिनीच्या ओळखीचं होतं. म्हणून तर मागच्या खेपेला ती घाबरली नव्हती. तिने आणलेले अनारसे मायने तोंडात न घालता उशीखाली सरकवले, तेव्हा कामिनीला उलट हसू आलं होतं. कामिनीच्या हातचं माय खात नसे, कधीच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. बाकीच्यांनी ती केव्हाच सोडली, शेवंताबाईंनी धरून ठेवली. धुळ्याला यायची ती भाकरी बांधून, पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन. तांब्या संपला की शेजारणीकडे जाऊन प्यायची. नवल चिडवायचा, "आमच्या नळाला विष येतं का हो, आत्या?" ती तोंडाला पदर लावून हसायची. "पोराचं तोंड दिसू द्या, जावईबापू. मग टाकी रिकामी करते तुमची." पोराचं तोंड दिसलं नाही. नाशिकचे डॉक्टर झाले, नवस झाले, कामिनीचे केस पांढरे झाले. तांब्या मात्र येत राहिला.

पण ते धुळ्याच्या घरी. इथे का?

माय खिडकीपासून खोलीकडे वळली आणि कौतुकाने मान हलवत म्हणाली, "घर मोठं बांधलं व तू. फरशी चांगली हाये. पण सासरचं गोतावळं केवढं हे! आणि सगळ्या म्हाताऱ्याच कशा गं? तू एकटीच करतीस एवढ्यांचं?"

शेजारच्या खाटेवर कुणीतरी खुदकन हसलं. कामिनीने मायला हळूच परत खाटेवर बसवलं.

"माय, हे कुणाचं घर आहे?"

"कुणाचं म्हणजे? तुझं. भूपानं नाही का सोडलं मला तुझ्याकडे?"

कामिनीने दाराकडे पाहिलं. भूपेंद्र उंबऱ्यावर उभा होता, आत यायला तयार नसलेला.

"काय सांगितलंस तू तिला?"

"रडत होती गं. दिवाळी झाल्यापासून सारखं, घरी ने, घरी ने. गेटपर्यंत पळाली होती एकदा. म्हटलं, माय, ही कामिनीचीच जागा आहे, थोडे दिवस राहा. एकदम गप्प झाली. मग इथल्या लोकांनाही सांगितलं, तसंच म्हणा."

"आणि तेव्हापासून खाणं बंद."

"ते मला काय माहीत..."

"तुला माहीत नाही? तांब्या भरून कोण द्यायचं तिला निघताना? तूच ना?"

भूपेंद्रने कपाळावर हात मारला. तो विसरला होता. मुलगाच तो, त्याच्या घरी माय पोटभर जेवायची, ही रीत त्याच्या अंगावर कधी आलीच नव्हती.

"मग खरं सांगू तिला," कामिनी म्हणाली. "तुझ्या घरी घेऊन चल. तुझ्या घरी खाईल ती. आज, आत्ता."

"अक्का, खरं सांगितलं तर पुन्हा गेटकडे पळेल. आणि माझ्या घरी ऋतिका दिवसभर शाळेत शिकवायला. मी बागेत. पुन्हा गॅस... पोरं असतात घरात."

"मग मी नेते."

"तुझ्याकडे?" तो म्हणाला, आणि पुढचं बोलायची गरज उरली नाही.

शेजारच्या खाटेवरून एक हात आला आणि त्याने कामिनीची ओढणी धरली. मघाशी हसलेली ती मंजुळाबाई. डोळे मिटलेलेच ठेवून ती बोलत होती. "नळी नको घालू देऊ बाई. त्या कोपऱ्यातलीला घातली होती."

"मग?"

मंजुळाबाईने ओढणी सोडली आणि कूस बदलली.

दिपमाला एव्हाना गरम खिचडीची वाटी घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज पहिल्यासारखाच गोड राहिला. "एवढंच ना ताई? मग सांगा की, मूल झालं म्हणून. आम्ही रोज सांगतो. या पलीकडच्या आजींना सांगतो, यजमान बाजारात गेलेत, येतीलच. तीन वर्षं झाली, बाजारातून आले नाहीत अजून. पण आजी जेवतात. डॉक्टर यायच्या आत चार घास गेले तर नळी टळेल. नाही तर मग माझ्या हातात काही नाही."

"अक्का," भूपेंद्र म्हणाला, "एक वाक्य आहे फक्त."

एक वाक्य. साऱ्या गल्लीने, जावांनी, नणंदांनी जे ऐकायला कान टवकारले होते ते. आता ते बोलायचं होतं, फिनेलच्या वासात, बाहेरून कडी असलेल्या खोलीत, ऐकायला ही झोपलेली माणसं.

कामिनी मायच्या समोर खाटेवर बसली. मायचे दोन्ही हात हातात घेतले. किती हलके.

"माय. तुला सांगायचं राहिलं. मला मुलगा झाला."

शेवंताबाईंनी आधी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "चेष्टा करतीस?"

"नाही."

"खरं सांगतीस?"

"खरं."

मायचा तो चेहरा कामिनीने जन्मात पाहिला नव्हता. भेगाळलेले ओठ उघडले, डोळे पाण्याने भरले. एवढ्या कोरड्या अंगात ते पाणी होतं कुठे, कोण जाणे. तिने कामिनीच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. "मेले, आणि मला आज सांगतीस? इतके दिवस तोंड बांधून बसले मी तुझ्या घरी! आण व ती वाटी. आण, आण!"

दिपमालाने वाटी पुढे केली. भूपेंद्रने श्वास सोडला तो खोलीभर ऐकू आला. मायने चमचा बाजूला सारला, बोटांनी खिचडीचा घास केला. तो ओठांपर्यंत नेला. आणि थांबली.

"नाव काय ठेवलं?"

कामिनीने वाटीकडे पाहिलं.

"सांग ना व. त्याच्या नावानं पहिला घास घेते."

"काहीही सांग," भूपेंद्र मागून कुजबुजला. "कुठलंही नाव, अक्का. आत्ता कुठं ती..."

कुठलंही नाही. नाव होतं तिच्याकडे. लग्न झालं त्या पावसाळ्यातच ठरवून ठेवलेलं. नवललाही कधी सांगितलं नव्हतं, नवसाच्या वेळी देवासमोरही उच्चारलं नव्हतं. ते इतकी वर्षं तिच्याजवळ होतं कारण ते कुणी ऐकलं नव्हतं. आता ते या खोलीत रोज घेतलं जाईल. दिपमाला घेईल, ताटं उचलणारी बाई घेईल, प्रत्येक घासाला घेतील, मायचे दात उघडावेत म्हणून. आणि माय एक दिवस म्हणेल, आणा त्याला.

"कामिनी? गप का व तू?" माय हसत होती. घास ओठांशी तसाच धरलेला, त्यातलं एकेक शीत तिच्या लुगड्यावर पडत होतं. "विसरलीस का काय पोराचं नाव?"

कामिनी उठली. खांद्याला पर्स अडकवली. खाटांच्या ओळीमधून चालत, भूपेंद्रला ओलांडून, ती दाराबाहेर निघून गेली.