चहाडी न करणारा नकाशा

ज्याच्यापाशी लपवण्यासारखं काहीही नाही, असा आमच्या हिच्या मामांसारखा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात नसेल. आणि ते काहीही-नाही इतकं जपून लपवणाराही दुसरा कुणी नसेल. मामांचा दिवस तो केवढा? सकाळी फूलबागेत एक चक्कर, मग मंडई, दुपारी झोप. पण एवढंसुद्धा कुणाला कळता कामा नये म्हणून या गृहस्थाने केलेले उपद्व्याप सांगावे तेवढे थोडे. माधवगंजातल्या त्यांच्या दाराला आतून दोन कड्या. आपण दार वाजवावं, मामांनी खिडकीतून आपल्याला धडधडीत पाहावं, आणि तरी आतून तीनदा "कोण?" म्हणून विचारावं. तिसऱ्यांदा मी "तुमच्या भाचीचा नवरा!" असं ओरडलो की सगळ्या गल्लीला कळायचं, पण मामांचं समाधान व्हायचं.

फोनमधल्या नकाशावर तर त्यांचा खास राग. सगळं जग ज्याला रस्ता विचारतं तो नकाशा मामांच्या भाषेत 'चहाडखोर'. "जावईबापू, त्याला रस्ता विचारायचा आणि तो टिपून ठेवणार, कुठून निघालात, कुठे थांबलात, किती वेळ बसलात. अहो, मी फूलबागेत बसलो काय न् नाही बसलो काय, त्याच्या बापाचं काय जातं?" जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढलेला माणूस. त्यांनी शोधून शोधून दुसरा एक नकाशा फोनवर घेतला, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तयार केलेला, कुणालाही त्यात भर घालता येईल, खोडता येईल असा. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट बंद असतानाही चालतो, आणि आपण कुठे गेलो ते कुणाला म्हणून सांगत नाही. माझ्या फोनवरही तो त्यांनी जबरदस्तीने बसवला.

खोट एकच होती, त्याला आमचं ग्वाल्हेर धड ठाऊक नव्हतं. बिर्ला नगरात एका लग्नाला आम्ही दोघं मामांच्या जुन्या गाडीतून निघालो. फोनमधली बाई "दो सौ मीटर बाद बाएँ मुड़िए" म्हणाली की मामा तिला अदबीने "जी" म्हणायचे. अशी जी-जी करत आम्ही बंद गिरणीच्या भिंतीला जाऊन भिडलो.

"मामा, भिंत आहे."

"गेट आहे."

"अहो, भिंत आहे!"

"नकाशात गेट आहे."

शेवटी खाली उतरले, भिंतीला हात लावून खात्री केली, आणि तिथेच उन्हात उभं राहून नकाशातलं गेट खोडत बसले. आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून पंगत उठत होती. मी चडफडत होतो. मामा खूश. "पुढच्या माणसाची सोय झाली," म्हणाले.

तेव्हापासून मामा गाव दुरुस्त करत सुटले. नळ, पाणपोया, बाकडी, सगळं नोंदवलं. फूलबागेतल्या एका बाकड्यापुढे तर लिहिलं, 'पाठ टेकायला आहे. सावली चारपर्यंत.' मग घरं नोंदवायला घेतली. आमच्या मराठी लोकांत रस्ता सांगायचा तो घरांवरूनच: पुराणिकांच्या दारावरून डावीकडे, मग जाधवांचा जिना. आता पुराणिक पुण्याला गेले, जाधवांच्या जिन्याखाली मोबाईलचं दुकान झालं, हाक मारावी असं कुणी उरलं नाही. मामांनी त्या सगळ्यांना नकाशात परत आणून बसवलं. आठवड्याभरात कुठल्याशा परदेशातल्या माणसाने ती नावं खोडली आणि निरोप ठेवला, की राहत्या घरांवर लोकांची नावं लिहू नयेत, त्यांचं खाजगीपण राहत नाही. मामांना! खाजगीपणाचा धडा! तीन दिवस धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. चहाडी मीच केली."

मामी गेल्या आणि मग खुद्द मामांच्यातलंच एकेक खोडलं जाऊ लागलं. एकच गोष्ट दोनदा सांगत. गॅस चालू राही. त्यांची मुलगी मंजिरी बंगळूरला असते. ती फोनवर काकुळतीला यायची, "बाबा, लोकेशन शेअर करा ना. मुझे यहाँ टेन्शन होता है." मामा म्हणत, "मी काय गुन्हेगार आहे?" अखेर तिने बजावलं, की एकदा जरी वाट चुकलात तरी मी तुम्हाला इकडे घेऊन येणार. मामांना ग्वाल्हेर सोडायचं नव्हतं. एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि मला ते फार मोठं वाटत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मंजिरीचा फोन आला. "जिजाजी, बाबा सकाळी मंडईत गेले ते अजून परत नाहीत, शेजारच्या काकू सांगून राहिल्या आहेत. फोन भी नहीं उठा रहे. मी काय करू, सांगा ना!" विचारणार कुणाला? मामांचा नकाशा तर काही सांगणाऱ्यातला नव्हता. तरी मी माझ्या फोनवर तो उघडला, नुसताच बघत राहिलो, आणि ते बाकडं दिसलं. चार वाजायचे होते.

मामा तिथेच होते. सावलीत, पाठ टेकून. मांडीवर पालकाची जुडी, पार सुकलेली. मला बघून त्यांनी फोन पुढे केला. "जावईबापू, हा विचारून राहिला आहे, कुठे जायचं. मी घर म्हणतो, तर म्हणतो नोंद नाही."

घर त्यांनी कधी नोंदवलंच नव्हतं. आपण राहतो कुठे ते आपल्या फोनलाही कळू नये, हा त्यांचा पहिला नियम. गावातला नळ न् नळ त्या फोनला ठाऊक होता. मला रडू आवरेना. मी पालकाची जुडी उचलली आणि म्हटलं, "चला मामा, मी दाखवतो."

मंजिरीला खोटं सांगावं असं फार वाटलं, पण जीभ रेटेना. आठवड्यात ती येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना मामांनी कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

परवा मी तो नकाशा नव्याने उतरवून घेतला. माधवगंजात, त्या गल्लीत, एक नवी खूण दिसली. तिकडे बंगळूरला, एखाद्या बऱ्या दिवशी, मामांनी आपलं घर टाकलं होतं. आडनावासकट, अख्ख्या जगाला दिसेल असं. पुढे लिहिलं होतं, 'कडी लावलेली नाही. ढकला.'

नियमाप्रमाणे ते खोडलं जायला हवं. मी रोज सकाळी उघडून बघतो. अजून आहे.