सोमवारची चटणी

सोलापुरात शेंगदाणा चालत नाही म्हणणारी सून म्हणजे गल्लीला महिनाभर पुरणारी करमणूक. बसव्वाच्या शिवपुत्रानं नेमकी तशीच आणली, सिद्धेश्वरी. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचे ओठ सुजायचे, श्वास लागायचा. "मग हिला घालणार काय, गवत?" असं आम्ही शेजारणी हसायचो.

बसव्वा हसली नाही. तिनं सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया आणल्या, मंद आचेवर भाजल्या आणि लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटल्या. मग भरल्या वांग्यात कुटाच्या जागी याच बिया, गुळाच्या लाडवातही याच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात प्रथिनं आहेत, ई जीवनसत्त्व आहे, मॅग्नेशियम आहे. फक्त बेतानं खा. पोरीच्या गालावर तेज आलं आणि आमची तोंडं बंद झाली.

पुढं शेंगदाणा न चालणारी माणसं लांबून चटणी न्यायला येऊ लागली. एकटीला कुटणं होईना, म्हणून बसव्वानं धाकट्या जावेला, चंद्रिकाला, हाताशी घेतलं. तिला ती पाठची बहीणच मानायची. अडचण एकच होती. सोमवारी बसव्वाचा उपास, संध्याकाळपर्यंत जिभेवर कण ठेवायची नाही.

"चव मी बघते की, अक्का. तुमी देवाला जाऊन या," चंद्रिका म्हणायची. आणि ही भोळी जायची!

एका मंगळवारी सकाळी सिद्धेश्वरीनं कडक भाकरीबरोबर आदल्या दिवशीची चटणी खाल्ली आणि तिचा श्वास कोंडला. शिवपुत्रानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचली. बसव्वानं घरी येऊन डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. शेंगदाणा.

"बिया महाग हायत, अक्का," चंद्रिका रडत म्हणाली. "सोमवारच्या चटणीत शेंगा मिसळत होते. पर घरचा डबा दर खेपेला येगळा काढायची की. काल चुकून डबे बदलले."

"म्हंजी दुसऱ्यांची लेकरं मेली तर चालत होती व्हय?" बसव्वा म्हणाली. "माझ्या उपासाची वाट बघत होतीस तू."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या हातात असतं तर मुसळच घातलं असतं तिच्या डोक्यात. बसव्वानं फक्त उखळ पालथं घातलं आणि चंद्रिकाला दार दाखवलं.

सिद्धेश्वरी बरी झाली. नंतरच्या सोमवारी बसव्वानं उखळ घासून धुतलं, एकटीनं चटणी कुटली आणि सुनेला वाढली. मी तिथंच बसले होते. पोरीचा हात ताटावर थांबला.

बसव्वानं बघितलं. ताटातली चिमूट उचलली आणि भर सोमवारी, दिवसाउजेडी, स्वतःच्या तोंडात टाकली.

"खा गं बाई. मी चाखलीया."

"व्हय, आत्या," सिद्धेश्वरी खालमानेनं म्हणाली. तिनं भाकरी मोडली आणि दह्याबरोबर खाल्ली. चटणी तशीच राहिली.