वैशाखऱ्याची वीस मिनिटं

"सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेनऊ. वैशाखरे गाव. वीस मिनिटं." मॅनेजरनी कागदावर पेन आपटलं. "तुमचा ड्रायव्हर काळूराम गाडीतलं डिझेल काढून विकतोय. तुम्ही ट्रान्सपोर्ट सुपरवायझर आहात की पाहुणे?"

कागद म्हणजे हॉल्ट रिपोर्ट. गाडी कुठे, किती वेळ थांबली त्याची यादी. तेव्हा गाडीत जीपीएस ही नवलाई होती. एक डबी उपग्रहांवरून जागा ओळखते आणि आतल्या सिमकार्डवरून ऑफिसच्या कम्प्युटरला कळवते. मुरबाडच्या आमच्या कारखान्यात हे खूळ मीच आणलं. उत्साहाच्या भरात माझ्या जीपलाही डबी बसवली आणि साफ विसरलो.

बुधवारी मोटारसायकलवरून काळूरामच्या पिकअपमागे गेलो. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट घातलं. अख्ख्या वैशाखऱ्यात हेल्मेटवाला मी एकटाच. गाडी आरोग्य उपकेंद्रासमोर थांबली. मी आत घुसून ओरडलो, "सापडलास!"

काळूरामच्या हातात मूठभर गोळ्या आणि पाण्याचा पेला.

"ओरडू नका," सिस्टर म्हणाल्या. "टीबीच्या गोळ्या आमच्यासमोर गिळायच्या असतात, दिवसाआड. आता त्याच्यापासून कुणाला लागण नाही."

काळूरामने गोळ्या गिळल्या, तोंड पुसलं. "मुरबाडात सगळे वळखतात, म्हणून इथं घेतो. कारखान्यात कळलं तर माज्या डब्याला कोनी शिवायचं नाय. तुमी सांगायचं नाय, सुपरवायझर. गाडी कंपनीची हाय, छाती माजी हाय."

हेल्मेट होतं ते बरं झालं. तोंड लपलं.

"कारण काय निघालं?" मॅनेजरनी विचारलं.

"डिझेल नाही. कारण योग्य आहे. सांगणार नाही."

"मग काढा त्याला."

"न विचारता थांबला म्हणून काढायचं, तर आधी मला." विसरलेली डबी आठवली होती; मी माझ्या जीपचा रिपोर्ट पुढे ठेवला.

त्यांनी वाचला. "शुक्रवारी शहापूरच्या खानावळीत अडीच तास? रजिस्टरात तर आरटीओ लिहिलंय!"

"सुकट चांगली मिळते." आता तोंड सुटलं होतं. "एक डबी शिल्लक आहे, साहेब. तुमच्या गाडीला बसवू?"

मॅनेजरनी दोन्ही कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकले.

काळूरामचा कोर्स पूर्ण झाला, नोकरी टिकली. माझी जीप मात्र कंपनीने काढून घेतली. रिटायर होईपर्यंत एसटीने आलो. पण तेव्हापासून कोणी नवं यंत्र विकायला आला की मी पहिला प्रश्न तोच विचारायचो, "मॅनेजरच्या गाडीत बसतं का?"