पहिली-दुसरी वस्तीवर

शाळेचा पट वाढला की लोक अभिनंदन करतात. त्या वर्षी माझं इतक्या जणांनी अभिनंदन केलं, की शेवटी मला त्याचा राग यायला लागला. पोरं वाढली हे खरं, पण त्यांना बसवू कुठं, हे एकानंही विचारलं नाही.

नोकरीची दोन वर्षं राहिली होती. गुडघे गेले होते. बेंबळीच्या पुढचं आमचं गाव, तिथं जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा. चार खोल्या, पुढं व्हरांडा, मागं खिचडी शिजवायची पत्र्याची शेड. मी तिथली मुख्याध्यापिका. म्हणजे काय, तर पहिलीला शिकवायचं, खिचडीतलं मीठ बघायचं, आणि उरलेला वेळ मोबाईलवर माहिती भरत बसायचं. कितीतरी वर्षं आम्ही शिक्षकांनी एप्रिलच्या उन्हात घरोघर हिंडून पोरं मागितली. लोक पाणी द्यायचे, चहा द्यायचे, आणि पोराला मात्र इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवायचे. मग ती गाडी गावात यायची बंद झाली. आमची तिसरी-चौथीची पोरं घडाघडा वाचतात हेही लोकांना दिसायला लागलं. दोन वर्षांत वर्ग भरले. त्यात येत्या जूनपासून पाचवीही आम्हालाच जोडून मिळाली. गाव खूश झालं, आणि मी पाच वर्ग चार खोल्यांत कसे कोंबायचे याची गणितं घालत बसले.

पहिली तर एका खोलीत मावेचना. तिचे दोन भाग केले, एक भाग व्हरांड्यात. अकरा वाजले की व्हरांड्यात ऊन यायचं, मग बस्करपट्ट्या भिंतीकडं सरकवायच्या. बारा वाजता आणखी सरकवायच्या. साडेबाराला खिचडीला फोडणी पडली, की त्या वासात कुणाचं लक्ष पुस्तकात राहणार? माझंही राहायचं नाही, खरं सांगायचं तर.

एप्रिलमध्ये केंद्रप्रमुख आले. आजूबाजूच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे साहेब ते, माणूस वाईट नाही, पण कायम घाईत. मोटारसायकल बंद न करताच म्हणाले, "मॅडम, नव्या खोल्या मागू नका. त्या येतील तेव्हा येतील. जूनपासून कुठला वर्ग कुठं बसवणार, तेवढं लिहून द्या. समितीचा ठराव जोडा."

मी त्या रात्रीच नाही, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर सगळं मांडलं, आणि मला एकदम सुटल्यासारखं झालं. उत्तर तर समोरच होतं. वस्तीवर.

गावाच्या पूर्वेला ओढा ओलांडला की वस्ती आहे. आमच्या लोकांची, म्हणजे बौद्धांची. मी या गावची नव्हे, माझं माहेर लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. पण वस्ती कुठल्या अंगाला असणार हे मला नव्या गावातही कुणाला विचारावं लागत नाही. या वस्तीवर एक शाळा होती, पहिली ते चौथीचीच. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी आपल्या जागेतला तुकडा दिला म्हणून झालेली. दोन चांगल्या ऐसपैस स्लॅबच्या खोल्या, खाली फरशी, नळाला पाणी, लिंबाची सावली. गुरुजी एक आणि पोरं अकरा. पट कमी म्हणून ती शाळा दरवर्षी बंद व्हायला टेकायची आणि दरवर्षी कशीबशी वाचायची.

माझा बेत साधा होता. दोन्ही शाळा मिळून एक धरायची. गावातली आणि वस्तीतली, सगळ्यांची पहिली-दुसरी वस्तीवर बसवायची. तिसरी ते पाचवी गावात. माझा व्हरांडा मोकळा होणार होता, पाचवीला खोली मिळणार होती, आणि वस्तीवरच्या शाळेचा पट असा वाढला असता, की ती बंद करायचं नाव कुणी काढलं नसतं. पहिली माझ्याकडं, तेव्हा मीही तिकडंच जाणार होते. वस्तीवरच्या गुरुजींना मी हे सांगितलं. ते पोरांच्या वह्या तपासत होते, मान वर करून म्हणाले, "झालं तर लई बरं होईल, बाई. पण होईल का?" मी म्हणाले, न व्हायला काय झालं?

समितीची बैठक तिसरीच्या वर्गात झाली. समिती म्हणजे गावातले पालकच. अध्यक्ष सोयाबीनवाले शेतकरी, चांगला माणूस. शाळेच्या मैदानात मुरूम टाकायला स्वतःचा ट्रॅक्टर आणला होता त्यांनी. मी कागद दाखवला, समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग एकेक जण सुरू झाला.

ओढ्याला पाणी येतं म्हणे. म्हटलं, पूल आहे. पूल अरुंद आहे म्हणे. म्हटलं, बैलगाडी जाते त्याच्यावरनं, पोरं जाणार नाहीत? साप निघतात म्हणे. साप इथं शाळेच्या मागं निघत नाहीत का? पोरं लहान हायती, म्हणे. लहान आहेत म्हणून तर म्हणतेय, तिथं फरशी आहे, पाणी आहे, ऊन लागत नाही. प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं. शेवटी अध्यक्ष जमिनीकडं बघत म्हणाले, "तसं न्हाय बाई. लांब पडतंय लोकांना."

लांब नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकावरनं एक जण हसत बोलला, "बाईंचं बरोबर हाय की. बाईंना बरं वाटंल तिकडं."

बाकीचेही थोडं हसले. वावगं कुणीच काही बोललं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी जात तोंडावर कुणी काढली नाही. हे असंच, बरं वाटंल, एवढंच बोलतात, आणि आपण समजून घ्यायचं असतं. मी समजून घेतलं. खरं तर त्या क्षणी मी भांडायला पाहिजे होतं. दुसरी कुणी बाई असती तर ती भांडली असती, कारण तिला खोल्यांचं भांडण खोल्यांचंच म्हणून भांडता आलं असतं. मी भांडले असते तर ते माझ्या माणसांसाठीचं झालं असतं.

आणि एक खोड मला नोकरीनं लावली होती, ती इथं सांगून टाकते. दुसऱ्याच्या पोराचा दाखला मी हातोहात द्यायची. आपल्या वस्तीतलं कुणी आलं, की कागद दोनदा तपासायची, उद्या या म्हणायची. कुणी बोट दाखवू नये म्हणून. आपल्या माणसाचं काम करताना दहादा मागं वळून बघायचं, आणि त्याला आपण सचोटी म्हणायचं. मला त्याचा अभिमान होता, काय सांगू.

बैठक तशीच उठली. चार दिवसांनी केंद्रप्रमुख आले, म्हणाले, "मॅडम, कशाला वाद वाढवता? दोन वर्षं राहिलीत तुमची. लहान पोरांना एक किलोमीटरच्या वर पाठवता येत नाही, नियमच आहे. अंतर लिहा, विषय संपतो." अंतर कमी आहे, मी म्हटलं. ते म्हणाले, "कुठनं मोजता त्याच्यावर आहे."

मग मोजलं. गावाच्या पश्चिमेला एक मळ्यातलं घर आहे, गावापासून सुटं. समितीतल्या एकाची मोटारसायकल तिथनं निघाली, देवळाला वळसा घालून, बाजाराच्या पटांगणावरनं, वस्तीच्या शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन थांबली. एक किलोमीटर तीनशे मीटर भरले. त्या मळ्यात शाळेत जायच्या वयाचं पोरच नव्हतं. माझ्या शाळेच्या दारातनं वस्तीच्या शाळेच्या दारात मी हे गुडघे घेऊन दहा-बारा मिनिटांत जायची.

आपल्याकडं ठराव समिती करत नाही, ठराव मुख्याध्यापक लिहून ठेवतो आणि समिती सही करते. सगळ्या शाळांत हेच चालतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तो ठरावही मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. 'वस्तीवरील शाळा एक किलोमीटर तीनशे मीटर अंतरावर असल्याने लहान बालकांना तेथे पाठविणे सोयीचे नाही. सबब इयत्ता पाचवीचा वर्ग मंदिराच्या सभामंडपात भरविण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.' सह्या झाल्या, चहा झाला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, लई चांगलं केलं तुमी." त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. मला पण थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू. भांडण टळलं होतं. वस्तीवरची शाळा आजवर चालली तशी चालेल, माझा व्हरांडा आजवर होता तसा राहील, आणि दोन वर्षांनी मी घरी जाईन, असा माझा हिशेब होता.

जूनच्या आधी वरनं कागद आला. पाचवीला सभामंडपाची मंजुरी होती. आणि खाली दुसरा मुद्दा होता. वस्तीवरची शाळा कमी पटामुळं बंद करावी आणि तिथली अकरा मुलं गावातल्या शाळेत घ्यावीत, कारण दोन शाळांतलं अंतर फक्त आठशे मीटर आहे.

मी तो कागद तीनदा वाचला. केंद्रप्रमुखांना फोन लावला. म्हटलं, साहेब, हे आठशे कुठनं आलं? त्यांनी फाईल चाळली. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हीच भरलंय की."

मीच भरलं होतं. हिवाळ्यात जवळच्या शाळांची माहिती मागवली होती, तेव्हा मी मोबाईल घेऊन चालत वस्तीवर गेले होते आणि खरं अंतर टाकलं होतं. तेव्हा खोटं टाकायला काही कारणच नव्हतं. आता एकाच फायलीत दोन कागद होते, दोन्हींवर माझी सही. गावातल्या पोरांना वस्तीवर जायला एक किलोमीटर तीनशे मीटर, वस्तीतल्या पोरांना गावात यायला आठशे. रस्ता तोच. वर बसलेल्यांनी ज्याला जो आकडा पाहिजे तो घेतला होता, आणि दोन्ही मी पुरवले होते.

दुरुस्त करता आलं असतं. ठरावातलं अंतर चुकीचं आहे, दोन्ही शाळा मिळून वर्गांची मांडणी पुन्हा करावी, एवढं एक पत्र. मी ते लिहिलं सुद्धा. पण त्यात मुख्याध्यापिकेनं खोटं अंतर लिहिलं हे कबूल करावं लागत होतं. चौकशी, नोटीस, आणि पेन्शनच्या तोंडावर अडकलेली फाईल. आमच्या ओळखीच्या एका बाईंची अशीच अडकलेली मी बघितली होती. पत्र पर्समध्ये आठवडाभर फिरलं. मग मी ते फाडलं. मी दमले होते, हे एक कारण मी स्वतःला देते. ते खरंही आहे. पण दमलेली माणसं रोज कामं करतातच की.

गुरुजींची बदली भूमकडच्या एका गावात झाली. जाताना शाळेची किल्ली माझ्याकडं द्यायला आले. रागावले नाहीत. "दोन्ही खोल्या झाडून ठेवल्यात," म्हणाले. मी किल्ली घेतली आणि त्यांना चहाचं विचारायचंही विसरले.

शाळेचा पहिला दिवस. फुगे, तोरण, नव्या पोरांना गुलाबाचं फूल, नवी पुस्तकं. दरवर्षीचंच. साडेनऊच्या सुमाराला वस्तीवरची पोरं आली, आयांबरोबर. पूल ओलांडून, चालत. एका बाईच्या हाताला पहिलीची पोर होती, दोन वेण्या, नवा फ्रॉक. खुरपायला जायची होती ती बाई, डोक्याला फडकं बांधलेलं. तिनं मला बाजूला घेतलं.

"बाई, आमची शाळा कशानं बंद झाली?"

"पट कमी होता," मी म्हणाले.

"ते व्हय. पण गावातली पोरं तिकडं येणार हायती, असं गुरुजी म्हणत व्हते."

"लोकांना लांब पडतंय म्हणाले."

तिनं पुलाकडं बघितलं. मला वाटलं, आता ही विचारणार, लांब कसं म्हणून. मी मनात काहीतरी जुळवायला लागले होते. पण तिनं ते विचारलंच नाही.

"मीटिंगचा निरोप आला व्हता आमाला बी," ती म्हणाली. "माजा मालक निघाला व्हता. म्याच म्हणलं, कशाला रोज बुडवायचा. तितं आपल्या बाई हायती."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती मला झालेली हकीकत सांगत होती, एवढंच. तिनं पोरीचा हात माझ्या हातात दिला, "बाईंचं ऐकायचं," म्हणाली, आणि खुरपं घेऊन गेली.

मी त्या पोरीला व्हरांड्यात बसवलं. आत जागा नव्हती.